बी विंगचा आका

रिद्धी पुस्तक उलटं धरून वाचते, हे आमच्या घरात सर्वांत आधी हिराबाईंच्या लक्षात आलं. हिराबाई घिवलीहून मासे घेऊन येतात आणि त्यांना स्वतःला वाचता येत नाही. घरात मी, दादा आणि भावनावहिनी असे तीन पदवीधर आहोत, पण शोध लावला तो दारात टोपली घेऊन बसलेल्या बाईंनी.

रिद्धी माझी पुतणी, पहिलीत आहे. त्या दिवशी ती उंबऱ्यावर बसून धडा वाचत होती, अगदी खणखणीत, स्वल्पविरामाला थांबून. वहिनी बोंबील निवडत होती. मी चहा पीत कौतुकाने ऐकत होतो आणि ही हुशारी आपल्याकडूनच गेली असावी, असा अंदाज बांधत होतो. हिराबाईंनी एका बोंबलाचं डोकं उडवता उडवता पुस्तकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तुजा बदक उताणा पडलाय गो.”

पाहतो तर खरंच. चित्रातल्या बदकाचे पाय वर, तळं त्याच्याही वर, आणि रिद्धी तळ्याखालून धडा वाचत होती.

मी तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. पिंपावर जे लिहिलंय तेच पिंपात आहे का, हे तपासण्याचा मला पगार मिळतो. घरच्या पिंपावर वर्षभर ‘वाचता येते’ असं लेबल होतं आणि आत नुसतं पाठांतर होतं, हे मला कळू नये, ही गोष्ट मनाला जरा लागून राहिली. मी लगेच चाचणी घेतली. कागदावर ‘नळ’ लिहून दिलं. रिद्धीने शांतपणे वाचलं, “न नळाचा, ळ बाळाचा.” मग दोन्ही एकत्र कर म्हटल्यावर बराच विचार करून म्हणाली, “बाळाचा नळ.”

ह्यात तिची चूक काय, हे मला आजही सांगता येणार नाही. आपणच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत स्वातीबाईंना भेटलो. या तिच्या नव्या वर्गशिक्षिका, रोज उमरोळीहून येतात. त्यांना हे आधीच माहीत होतं. त्या म्हणाल्या, तिला सगळी अक्षरं ओळखता येतात, पण शब्दातले आवाज सुटे करता येत नाहीत आणि सुटे आवाज जोडता येत नाहीत. तिला शब्द म्हणजे एक अख्खी वस्तू वाटते, ती फोडता येते हेच तिला कोणी सांगितलेलं नाही. तीन आठवड्यांनी सोमवारी वाचनचाचणी आहे. त्यात न पाहिलेली ओळ वाचता आली नाही, तर मुख्याध्यापक तिला रोज सकाळचे दोन तास बालवाडीत बसवणार आहेत.

ही बातमी रिद्धीला आमच्याआधी कळलेली होती. घरी येताना ती स्कूटरवर मागे बसून इतकंच म्हणाली, “काका, मला हर्षितच्या शेजारी बसवणार.”

हर्षित आमच्याच मजल्यावरचा. वय पाच. रंगीत खडू खातो, निळा आधी. त्याच्यासमोर रिद्धीचा रुबाब असा की ती जिन्यातून उतरायला लागली की तो भिंतीला चिकटून वाट देतो. त्याच्या शेजारी चटईवर बसायचं म्हणजे तिच्या दृष्टीने सगळं संपल्यातच जमा. त्या रात्री ती जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशीही पोट दुखलं. मग घरात ठरलं की विपुलने, म्हणजे मी, हिला शिकवावं, कारण विपुलचं लग्न झालेलं नाही. आमच्या घरात बरीच कामं याच कारणाने माझ्याकडे येतात.

स्वातीबाईंनी पद्धत सांगितली होती. पाटी नको, पुस्तक नको, अक्षर तर दाखवायचंच नाही. आधी फक्त कान तयार करायचा. शब्दाचा पहिला आवाज ओळखायचा, मग तो काढून टाकून काय उरतं ते सांगायचं, मग सुटे आवाज जोडून शब्द करायचा. त्यांनी सांगितलं की ‘क’ हासुद्धा एक आवाज नाही, त्यात क् आहे आणि वर अ आहे. मी पंचवीस वर्षं वाचतो आहे. क च्या पोटात एक अ बसलेला आहे, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. परत येताना रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मला संशयास्पद वाटू लागल्या.

घरात वर्ग घेणं शक्य नव्हतं. दादा रात्रपाळी करून दिवसा झोपतो आणि त्याला झोपेत आवाज सहन होत नाहीत, सुटे तर अजिबात नाहीत. म्हणून आम्ही बी विंगच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर बसू लागलो. हा निर्णय चुकला. जिना म्हणजे इमारतीतली अशी एकमेव जागा जिथून सगळे जातात आणि जाताना सल्ला देतात.

धर्मेशभाई पहिल्या मजल्यावर राहतात, त्यांचं टाइल्सचं दुकान आहे. ते पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले की मुलीला गुजराती शिकव, वर रेघच नाही, निम्मं काम तिथेच कमी. त्यांच्या पत्नी हेमालीबेन वेखंडाचा तुकडा घेऊन आल्या, जिभेवर उगाळून लावला की वाचा सुटते म्हणाल्या. मी म्हटलं, वाचा सुटलेलीच आहे, वाचन अडलंय. त्या म्हणाल्या, जीभ तर एकच आहे ना. शेवटी थोडं वेखंड मीच लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत मला कशाचीच चव लागत नव्हती.

आमच्या सोसायटीचे सचिव एकनाथराव. निवृत्त हेडक्लार्क, मूळचे घिवलीचे. त्यांचं मराठी अतिशय शुद्ध आहे. घिवलीतला घ ते असा उच्चारतात की समोरच्याच्या चष्म्यावर वाफ धरते. सोसायटीच्या प्रत्येक पत्रातल्या चुका ते लाल पेनाने दुरुस्त करतात, पाणीपट्टीच्या बिलातल्यासुद्धा. त्यांनी जिन्यात थांबून विचारलं की वही कुठे आहे. मी म्हटलं, वही नाही, आम्ही ऐकतोय. ते म्हणाले, आमच्या वेळी छडी ऐकायला यायची. आणि गेले. पण जाताना त्यांनी मुलं मोजली, हे मी पाहिलं.

कारण तोवर मुलं सात झाली होती. पहिल्या दिवशी रिद्धी एकटी होती. दुसऱ्या दिवशी हर्षित खडू घेऊन येऊन बसला. मग बाकीची आली. पहिला आवाज ओळखायला त्यांना दोन दिवस लागले, पण तो काढून टाकायचा असतो हे कळल्यावर त्यांच्यात एकदम जान आली. हिराबाई बोंबलाचं डोकं उडवतात तसं, असं मी समजावलं होतं. दृष्टान्त फार चांगला बसला. आठवड्याभरात बी विंगमध्ये एकाही नावाला डोकं राहिलं नाही.

भावनावहिनीची आवना झाली. धर्मेशभाईंचे अर्मेशभाई झाले. हिराबाईंची इराबाई झाली आणि त्यांना ते आवडलंही, टोपलीचं ओझं कमी झाल्यासारखं वाटतं म्हणाल्या. आमचा वॉचमन मिथुन, मूळचा बिहारचा, त्याचा इथुन झाला. पोरं गेटवर “इथुन” म्हणून ओरडत आणि सामान पोचवायला आलेली माणसं वळून भलत्याच विंगमध्ये जात. एकनाथरावांचे कनाथराव झाले. त्यांनी ते एकदा ऐकलं. त्यांच्या घरचं दार त्या दिवशी जरा जोरात लागलं.

आणि मी काका. काकाचं डोकं उडवलं की उरतो आका.

माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. बातम्यांत हल्ली कुठल्याही गुन्ह्याच्या मागे एक आका असतो, बाकी सगळे त्याची माणसं असतात. पण मी त्या दिवसांत आवाजांत इतका बुडालो होतो की अर्थाकडे लक्ष नव्हतं. संध्याकाळी सहाला माझी स्कूटर गेटमधून आत आली की अकरा मुलं “आका आला, आका आला” करत जिन्याकडे पळायची. हे मिथुन रोज पाहत होता. शेवटी त्याने कर्तव्य म्हणून एकनाथरावांना कळवलं, “साहब, बी विंग में कोई आका है. रोज शाम को बच्चों को बिठाता है. पहले नाम काटना सिखाता है.”

त्यानंतर एकनाथरावांनी मला बोलावून घेतलं. आका कोण हे त्यांना विचारावं लागलं नाही, आत शिरताना मागून कोणीतरी पोर तसं ओरडलंच. मी सगळी पद्धत समजावली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की सामायिक जागेत वर्ग चालवायचा तर परवानगी लागते. मी विचारलं, कोणाची. ते म्हणाले, ते तुम्ही शोधायचं. परवानगी लागत नसेल, तर लागत नाही असं लेखी आणा.

मी अर्धा दिवस रजा टाकून पालघरला गेलो. ज्या कार्यालयात गेलो त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी माझ्याशी चांगलंच वागायचा प्रयत्न केला. खिडकीवरच्या गृहस्थांनी विचारलं, कशाचा वर्ग. मी म्हटलं, ध्वनींचा. त्यांनी ‘ध्वनी’ एवढंच लिहून घेतलं आणि मला चार नंबरच्या खिडकीवर पाठवलं. चार नंबरवर ध्वनिक्षेपकाचे परवाने होते. मी म्हटलं, मला लाउडस्पीकर नको, मला फक्त परवानगी लागत नसल्याचा कागद हवा. तिथल्या बाई म्हणाल्या, तसा नमुनाच नाही, हा फॉर्म भरा, आवक क्रमांक मिळेल, क्रमांक असला की सोसायटीवाले गप्प बसतात. मला हे पटलं, ते माझ्या थकव्यामुळे पटलं असावं. फॉर्ममध्ये ध्वनीचा प्रकार विचारला होता, मी ‘सुटे’ लिहिलं. विसर्जनाचा मार्ग विचारला होता, मी ‘तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत’ लिहिलं.

शिक्का मारलेली पोच एकनाथरावांनी दोनदा वाचली. मग चष्मा काढून विचारलं, “जिन्यात लाउडस्पीकर लावणार?”

शुक्रवारी तळमजल्याच्या फळ्यावर लाल शाईत नोटीस लागली आणि रविवारी अकराला पार्किंगमध्ये तातडीची सभा ठरली. सोमवारी रिद्धीची चाचणी. म्हणजे शेवटचे तीन दिवस, ज्यांत आवाज जोडायचे होते, ते जिन्याशिवाय गेले.

आणि जोडणंच अडलं होतं. डोकं उडवण्यात रिद्धी पटाईत झाली होती, पण तुकडे दिले की जुळत नव्हते. मी म्हणे, “म्, आ, स्, आ.” ती म्हणे, “म मगरीचा?” स्वातीबाईंनी सांगितलं होतं की शब्द तुटक म्हणू नका, रबरासारखा ताणा. मी ताणलेला मासा बोकडासारखा ऐकू येई. दादा एकदा झोपेतून उठून बाहेर आला आणि कोणाला बरं नाही विचारून परत गेला.

शनिवारी सकाळी मी हार मानून सोफ्यावर पडलो होतो. रिद्धी उंबऱ्यावर बसली होती, पोट दुखण्याची तयारी करत. खालून हिराबाईंची हाक आली. ती हाक तुम्ही ऐकायला हवी. तळमजल्यावर ‘बों’ सुरू होतो, पहिल्या मजल्यावर ‘बी’ येतो, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो हळूहळू वर चढतो आणि आमच्या दारात आल्यावर ‘ल’ टेकतो. मी उठून बसलो. तीन आठवडे मी जे करायचा प्रयत्न करत होतो, ते या बाई रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन तीन जिने चढताना करत होत्या.

मी त्यांना विनंती केली की अशीच हाक दुसऱ्या शब्दांची द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. खाली बसून, सुरी पुसत, त्यांनी नळ ताणला, घर ताणलं, चमचा ताणला, जणू हे सगळं टोपलीत होतं. चौथ्या शब्दाला रिद्धी मध्येच म्हणाली, “पाटी.” मग त्यांनी तिचंच नाव ताणलं. रिद्धी ऐकत राहिली आणि हसायला लागली. दुपारी मी तिला कागदावर ‘नळ’ लिहून दिलं. ती ओठ हलवत बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, “नळ.” बाळ कुठेच आलं नाही.

पण हे फक्त मी ऐकलं होतं. आणि घरात आता माझ्या शब्दाला कोणी किंमत देत नव्हतं, कारण मी वर्षभर कौतुकाने चहा प्यायलो होतो.

रविवारी सभेला सगळे आले. स्वातीबाईंना मी बोलावलं होतं, साक्षीसाठी. हिराबाई सभेला आल्या नव्हत्या, पण त्यांचं गिऱ्हाईक सगळं पार्किंगमध्ये असल्याने त्याही तिथेच टोपली घेऊन बसल्या. मी चार पानी निवेदन लिहून आणलं होतं. पहिल्याच वाक्यात ‘ध्वनी’ शब्द आला आणि मागून कोणीतरी लाउडस्पीकर किती वाजेपर्यंत चालणार ते विचारलं. मी निवेदनाची घडी घातली. मिथुनने येऊन नम्रपणे सांगितलं की आका यही है.

मुलं नोटीसफळ्यापाशी उभी होती. हर्षितने फळ्याकडे बोट करून रिद्धीला विचारलं, “ताई, काय लिहिलंय?”

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर ती पोट धरून घरी गेली असती. पण विचारणारा हर्षित होता, आणि हर्षितला ‘माहीत नाही’ असं उत्तर देणं तिला शक्य नव्हतं. तिने फळ्याकडे पाहिलं. ओठ हलायला लागले. “सू... च... ना. सूचना.” मग पुढची ओळ. “जि... न्... यात. जिन्यात. मु... ले.” ती एकेक शब्द हिराबाईंसारखा ताणत होती आणि शेवटी टेकवत होती. पार्किंगमधलं बोलणं कमी कमी होत थांबलं. वहिनीने माझा दंड धरला होता आणि तो दुखत होता.

“शिकवून आणलंय,” एकनाथराव म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण शांतता असल्याने सगळ्यांना ऐकू गेला. “नोटीस शुक्रवारपासून लागलीय. पाठ करून घेतलीय. ही मुलगी पुस्तक उलटं धरून वाचते, सगळ्या विंगला माहीत आहे.”

ते खोटं नव्हतं. रिद्धीचे कान लाल झाले. पण ती ओळीच्या मध्यावर होती आणि हर्षित वाट पाहत होता.

“जम... वून,” ती म्हणाली. “गों... द... ळ.” थांबली. परत वाचलं, “गोंदळ.” मग माझ्याकडे वळली. “काका, गोंदळ म्हणजे काय?”

मी फळ्याजवळ गेलो. लाल शाईत, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘जिन्यात मुले जमवून गोंदळ घालण्यास बंदी.’ मी शुक्रवारपासून ती नोटीस दहा वेळा वाचली होती आणि दहाही वेळा गोंधळच वाचला होता. सगळ्या सोसायटीने तसाच वाचला होता.

स्वातीबाई उठल्या. “पाठ असतं तर ती गोंधळ म्हणाली असती,” त्या म्हणाल्या. “गोंदळ लिहिलंय, तिने गोंदळ वाचलं. माझी चाचणी झाली. उद्या मी फक्त सही करीन.”

एकनाथराव मान पुढे करून फळ्यावरची ओळ वाचू लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदाच त्यांचा घ समजला, चष्म्यावर वाफ धरणारा. चाळीस वर्षांच्या नोकरीत तो त्यांनी किती वेळा दाबून उच्चारला असेल. कोणीतरी मागे हसलं. तेवढ्यात हिराबाई टोपलीमागून म्हणाल्या, “त्यात हसाय काय हाय. आमच्या गिवलीत गोंदळच बोलतात. पोरीने बराबर वाचला.”

एकनाथरावांनी खिशातून लाल पेन काढलं, फळ्याशी गेले आणि द चा ध केला. मग शेजारी उभ्या असलेल्या मला, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गाईत लिहिलं.”

फक्त मला नाही. रिद्धीनेही ऐकलं होतं. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंड उघडलं. कान तयार झाल्याचा हा तोटा आहे. मी ओठांवर बोट ठेवलं. तिने तोंड मिटलं, आणि जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, एकनाथरावांना त्यांच्या पूर्ण नावाने, ए सकट हाक मारली आणि म्हणाली की तुमचं अक्षर वाचायला सोपं आहे.

बंदी कायम आहे. दुरुस्तीनंतर ती अधिक शुद्ध आहे. रिद्धी बालवाडीत गेली नाही. मी अजून आका आहे, मिथुन मला गेटवर सलाम करतो आणि स्कूटरची चौकशी करत नाही.

परवा पालघरहून टपाल आलं. मी कामावर होतो, रिद्धीने फोडलं. बी विंगच्या जिन्यात एक दिवस ध्वनिक्षेपक लावण्यास परवानगी देण्यात येत आहे, आवाज विसर्जनाच्या मार्गाबाहेर जाऊ नये. संध्याकाळी ते पाहून मी ठरवलं की हे कोणालाही सांगायचं नाही. पण आता घरात वाचता येणारी मुलगी आहे, आणि ती जिन्यात, तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत, ताणून ताणून वाचते.